ऐकण्याचे साहित्य : बडोद्यात भरलेला आफ्रिकी साहित्याचा उत्सव

गेल्या महिन्यातील एका शनिवार-रविवारी बडोद्यातील काही मराठी वाचकांनी, शहरात शिकण्यासाठी आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, समकालीन आफ्रिकी साहित्याचा एक छोटा उत्सव भरवला. सयाजीगंज भागातील दीडशे खुर्च्यांचे सभागृह, दोनशे रुपयांची देणगी प्रवेशिका, सहा सत्रे, एक ग्रंथदालन आणि दोन्ही दिवस दुपारी शेव-उसळ व चहा, असे त्याचे स्वरूप होते. सहाही सत्रांना मी पूर्ण वेळ बसले. त्यांपैकी दोन सत्रे माझ्या मनात दीर्घकाळ राहतील. दोन बेताची झाली आणि उरलेली दोन वेगळ्या रीतीने करायला हवी होती. असा उत्सव आपल्या शहरात पुन्हा व्हावा असे मला मनापासून वाटते, म्हणून जे साधले आणि जे निसटले ते दोन्ही तपशिलाने लिहिते.

पहिले सत्र उद्घाटनाच्या व्याख्यानाचे होते. आफ्रिकेत लेखक एकत्र कसे येत गेले याचा आढावा वक्त्यांनी घेतला आणि त्यासाठी त्यांनी निवडलेले टप्पे योग्य होते. १९६२ मध्ये युगांडातील कंपाला येथे, मकेरेरे महाविद्यालयात, इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. चिनुआ अचेबे आणि वोले सोयिंका यांच्यासह त्या पिढीची महत्त्वाची नावे तेथे होती. १९६६ मध्ये सेनेगलमधील डाकार येथे आणि १९७७ मध्ये नायजेरियातील लागोस येथे सरकारांनी पुढाकार घेऊन प्रचंड कलामहोत्सव भरवले. त्यानंतरची पिढी मात्र सरकारच्या आमंत्रणाची वाट पाहत बसली नाही. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे १९९७ पासून 'पोएट्री आफ्रिका' हा काव्योत्सव होऊ लागला, सोमालीलँडच्या हर्गेसा शहरात २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय ग्रंथजत्रा सुरू झाली, आणि नायजेरियात कादंबरीकार लोला शोनेयिन यांनी २०१३ मध्ये अबेओकुटा येथे 'आके' महोत्सवाचा आरंभ केला. आके हा त्याच शहरातील एक भाग. सोयिंका यांचे बालपण तेथे गेले आणि त्यांच्या बालपणीच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावही तेच आहे.

हे सारे वक्त्यांनी पडद्यावरच्या चौकटींतून वाचून दाखवले, त्यामुळे चाळीस मिनिटे श्रोत्यांच्या वाट्याला सनावळीच आली. एका ठिकाणी मात्र त्यांचा आवाज बदलला. घानाचे कवी कोफी अवूनोर सप्टेंबर २०१३ मध्ये नैरोबी येथे 'स्टोरीमोजा' या साहित्योत्सवासाठी गेले होते आणि २१ सप्टेंबर रोजी वेस्टगेट या दुकानसंकुलावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात ते मृत्युमुखी पडले. अवूनोर एवे या भाषिक समाजातले. मयताच्या वेळी गायिल्या जाणाऱ्या एवे शोकगीतांची लय त्यांनी आपल्या इंग्रजी कवितेत आणली होती आणि त्यांची आजी ती गीते गाणारी होती. हे सांगून वक्ते थांबले आणि त्यांनी एक मिनिट पडदा विझवला. व्याख्यानाचा उरलेला वेळ या एका कवीला दिला असता, तर उत्सव म्हणजे काय आणि लेखक जिवावर उदार होऊनही लोकांसमोर का उभा राहतो, हे अधिक पोहोचले असते, असे मला वाटते.

रंगमंचाच्या सजावटीबद्दलही येथेच लिहायला हवे. मागच्या पडद्यावर मावळता सूर्य, त्यापुढे छत्रीसारखे झाड, कडेला सिंह आणि लाकडी मुखवटे असे चित्र होते. केनियाचे लेखक बिन्यावांगा वैनैना यांनी २००५ मध्ये आफ्रिकेविषयी कसे लिहावे यावर जो प्रसिद्ध उपरोधिक निबंध लिहिला, त्यात याच प्रकारच्या ठरीव चित्रणाची झाडाझडती घेतलेली आहे. आयोजकांनी अतिशय प्रेमाने सजावट केली होती याविषयी मला शंका नाही. परंतु लागोससारख्या महानगरातून आलेल्या एका विद्यार्थ्याने सूत्रसंचालन करताना नम्रपणे सांगितले की, त्याने सिंह पहिल्यांदा पाहिला तो येथे, कमाटी बागेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडदा काढलेला होता आणि त्या जागी साधे काळे कापड होते. टीका इतक्या लवकर ऐकून घेणारे आयोजक मी फार थोडे पाहिले आहेत.

शनिवारी सायंकाळचे सत्र हे या उत्सवाचे खरे वैभव ठरले. अब्दुलरझाक गुर्ना यांचा जन्म १९४८ मध्ये झांझिबार येथे झाला, ते तरुणपणीच इंग्लंडला गेले आणि आयुष्यभर इंग्रजीत लिहीत राहिले. २०२१ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची 'पॅराडाइज' ही कादंबरी १९९४ ची. ती घडते स्वाहिली बोलणाऱ्या समुद्रकिनाऱ्यावर आणि तेथून आत जाणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या वाटांवर, परंतु स्वाहिलीत ती आली थेट २०२२ मध्ये. इडा हाजिवायानिस यांनी केलेला हा अनुवाद 'पेपोनी' या नावाने दार-ए-सलाममधील प्रकाशनसंस्थेने काढला. म्हणजे ज्या भाषेच्या माणसांची ही कथा, त्या भाषेत पोहोचायला तिला अठ्ठावीस वर्षे लागली. टांझानियाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्रतीतून 'पेपोनी'ची काही पाने वाचली आणि प्रत्येक परिच्छेदानंतर आमच्या शहरातील नाटकात काम करणाऱ्या एका बाईंनी त्याचा मराठी तर्जुमा वाचला. हा तर्जुमा वाचक मंडळींनीच इंग्रजीवरून केला होता आणि त्या विद्यार्थ्यासोबत बसून स्वाहिलीशी ताडून घेतला होता.

निवडलेला भाग कादंबरीच्या सुरुवातीचा होता. बारा वर्षांच्या युसुफला त्याचे वडील अझीझ नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याबरोबर पाठवतात; युसुफ त्यांना काका समजतो, आणि व्यापाऱ्याच्या दुकानात आल्यावर खलील नावाचा थोरला मुलगा त्याला समजावतो की हे तुझे काका नव्हेत, तुझ्या वडिलांवर यांचे कर्ज आहे म्हणून तू येथे आहेस. मूळ कादंबरीत युसुफने यापुढे त्यांना 'सय्यिद' म्हणावे अशी खलीलची शिकवण आहे. मराठी तर्जुम्यात त्या जागी 'शेठ' हा शब्द योजला होता. आधी चार परिच्छेद 'काका, काका' असे ऐकलेल्या कानांवर जेव्हा 'काका नाही म्हणायचं, शेठ म्हणायचं' हे वाक्य पडले, तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. बडोद्यात ज्यांच्या घरातील कुणी ना कुणी पेढीवर कामाला राहिले आहे, त्यांना त्या एका शब्दात सगळे कळले. मूळ शब्दाचा धार्मिक मान 'शेठ'मध्ये उतरत नाही हे खरे. परंतु एका मुलाचे नाते हिशेबाच्या वहीत कसे जाते हे त्यातून जितके नेमके कळले, तितके तळटीप देऊन कळले नसते. स्वाहिलीत गहाण ठेवण्याला 'रेहानी' म्हणतात, आणि हिंदीत तोच शब्द 'रेहन' या रूपात आहे, हेही वाचनानंतर त्या विद्यार्थ्याने सांगितले.

यानंतरची पंधरा मिनिटे प्रश्नोत्तरांची होती आणि ती आयोजनाबाहेरची देणगी ठरली. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी उताऱ्यातला 'दुका' हा शब्द पकडला होता. 'अरे बाळा, दुका म्हणजे दुकान ना? मग तो आपलाच शब्द झाला की,' असे त्या बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाल्या. त्यावर त्या विद्यार्थ्याने, 'हो आजी, अजून पुष्कळ आहेत,' असे म्हणून एकेक शब्द सांगायला आरंभ केला : पैशाला 'पेसा', रंगाला 'रंगी', गाडीला 'गारी', विम्याला 'बीमा', लाखाला 'लाकी', आणि कोशिंबिरीला 'कचुंबरी'. गुजरातच्या बंदरांतून शतकानुशतके झांझिबार आणि मोम्बासा येथे गेलेल्या व्यापाऱ्यांबरोबर हिंदुस्थानी शब्द समुद्रापार पोहोचले, तर काही शब्द अरबी-फारसीच्या मार्गाने दोन्ही किनाऱ्यांना सारखेच मिळाले. गुर्ना यांच्या कादंबऱ्यांत हे भारतीय लोक वारंवार भेटतात. 'पॅराडाइज'मध्येच कालासिंगा नावाचा एक शीख यंत्रकारागीर आहे, ज्याला कुराणाचा स्वाहिलीत अनुवाद करायची इच्छा आहे. गुर्ना भारतीय व्यापाऱ्यांचे गोडवे गात नाहीत, कर्ज आणि व्याज यांचा हिशेब ते स्पष्ट मांडतात, आणि म्हणूनच बडोद्यात ही कादंबरी ऐकणे हा केवळ दूरदेशीच्या कथेचा आनंद राहत नाही.

रविवारी सकाळचे सत्र कवितेचे होते. एका सोमाली विद्यार्थिनीने हद्रावी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवीच्या काही ओळी म्हटल्या. हे कवी २०२२ मध्ये हर्गेसा येथे वारले. सोमाली कवितेत संपूर्ण रचनाभर एकाच वर्णाचा अनुप्रास सांभाळावा लागतो, आणि भाषेला अधिकृत लिपी मिळाली ती १९७२ मध्ये, त्यामुळे कविता पाठांतराने आणि पुढे ध्वनिफितींनी गावोगाव फिरत असे. जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या कानांत आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही. परंतु ओळींचा अर्थ कुणी सांगितलाच नाही. वीस मिनिटांच्या पठणात एकाही कवितेचा मराठी, गुजराती किंवा हिंदी सारांश नव्हता, आणि ती मुलगी इतके सुंदर म्हणत असताना आम्ही केवळ नादावर मान डोलवत राहिलो, याचे मला वाईट वाटले. एका छापील पानाची सोय केली असती तरी पुरले असते.

त्यानंतरचे सत्र केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्या स्मरणार्थ होते. २८ मे २०२५ रोजी ते वारले. १९६२ च्या मकेरेरे परिषदेला ते विद्यार्थी असताना उपस्थित होते, आणि पुढे त्यांनीच त्या परिषदेची उणीव दाखवून दिली : शाबान रॉबर्ट हे स्वाहिलीचे थोर कवी आणि योरुबात लिहिणारे फागुन्वा यांना, ते इंग्रजीत लिहीत नसल्यामुळे, त्या परिषदेत जागाच नव्हती. १९७७ मध्ये कामिरिथु या गावात शेतकरी आणि कामगार यांच्यासह त्यांनी गिकुयू भाषेत नाटक उभे केले, गावकऱ्यांनी स्वतः खुले नाट्यगृह बांधले, सरकारने काही आठवड्यांतच प्रयोगांची परवानगी काढून घेतली आणि वर्ष संपता संपता न्गुगी यांना खटल्याविना तुरुंगात टाकले. तुरुंगात शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयूतील आपली पहिली कादंबरी लिहिली.

सूत्रसंचालकांनी या कादंबरीबद्दल सांगितलेली हकीकत न्गुगी यांनी स्वतःच आपल्या 'डीकॉलनायझिंग द माइंड' या १९८६ च्या पुस्तकात नोंदवली आहे. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर ती घराघरांत मोठ्याने वाचली जाऊ लागली, सायंकाळी कुटुंबे एकत्र बसून ऐकू लागली, कामगार दुपारच्या सुट्टीत वाचू लागले, आणि मद्यालयांत तर वाचून दाखवणारे वाचकच तयार झाले. उत्कंठेच्या जागी येऊन वाचकाचा पेला रिकामा असला की तो पुस्तक खाली ठेवी, आणि ऐकणारे मालकाला ओरडून सांगत की याला आणखी एक बाटली द्या. आमच्या घरी चातुर्मासात पोथी लावली जात असे, आणि अध्याय संपला तरी बायका उठत नसत. ऐकणाऱ्यांमुळे पुस्तक पुढे सरकते हे मी लहानपणी पाहिलेले आहे. आफ्रिकेतील आजच्या उत्सवांमध्ये वाचन, पठण आणि नाट्य यांना परिसंवादाइतकेच, किंबहुना अधिक, स्थान का असते, याचे उत्तर मला या हकिकतीत मिळाले.

मग न्गुगी यांची माणूस दोन पायांवर कसा उभा राहिला ही लोककथेच्या वळणाची कथा सादर झाली. पूर्वी माणूस हात आणि पाय दोन्हींवर चाले. हातापायांची जोडी पाहून इतर अवयवांना मत्सर वाटू लागला, त्यांनी जिभेला हाताशी धरून भांडण लावले, आणि स्पर्धा करता करता शेवटी सर्व अवयवांना एकमेकांची गरज कळली. 'जलाडा' या आफ्रिकी लेखकांच्या गटाने २०१६ मध्ये ही कथा आपल्या अनुवाद विशेषांकात तीसहून अधिक भाषांत छापली, आणि त्यांत बहुसंख्य भाषा आफ्रिकेतल्या होत्या. केनियाच्या एका विद्यार्थिनीने मूळ गिकुयू वाचले. वाचण्यापूर्वी तिने सांगितले की, ती घरी आईशी गिकुयूत बोलते, परंतु शिक्षण इंग्रजीत झाल्यामुळे मातृभाषेतील छापील पान चार लोकांसमोर वाचण्याचा तिच्या आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग आहे. तिचे बोट ओळीखाली सरकत होते आणि दुसऱ्या पानानंतर ते थांबले, कारण आता तिला त्याची गरज राहिली नव्हती. त्यामानाने मराठी अभिवाचन थोडे अधिक रंगवलेले वाटले; मागे लावलेले पार्श्वसंगीत शब्दांवर चढत होते आणि जिभेच्या कारस्थानाचा भाग त्यात बुडाला. तरीही पुढच्या रांगेतील मुले हातांवर चालून पाहू लागली, तेव्हा कथा पोहोचली होती हे स्पष्ट झाले.

दुपारचा परिसंवाद मात्र निराशाजनक होता. चार वक्ते, पन्नास मिनिटे, आणि बहुतेक भाषण इंग्रजीत. २०२१ हे वर्ष आफ्रिकी लेखकांचे ठरले, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता : गुर्ना यांना नोबेल, दक्षिण आफ्रिकेचे डेमन गॅलगट यांना बुकर, सेनेगलचे मोहम्मद म्बुगार सार यांना फ्रान्सचे गोन्कूर आणि मोझांबिकच्या पॉलिना शिझियाने यांना पोर्तुगीज भाषेतील कामोइश पारितोषिक, हे सर्व त्याच वर्षी जाहीर झाले. परंतु पारितोषिकांपलीकडे चर्चा गेलीच नाही. ही सर्व पारितोषिके युरोपीय भाषांतील लेखनाला मिळाली, मग सेनेगलच्या बुबाकार बोरिस दिओप यांनी फ्रेंचमध्ये नाव मिळवल्यानंतर २००३ मध्ये वोलोफ भाषेत कादंबरी का लिहिली, हा प्रश्न तेथे यायला हवा होता. आणि तो बडोद्यात तर यायलाच हवा होता. सयाजीराव महाराजांनी येथे १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, पेट्यांत पुस्तके भरून फिरती ग्रंथालये खेड्यांपर्यंत पाठवली, 'श्रीसयाजी साहित्यमाले'तून मराठी आणि गुजरातीत ग्रंथ काढवले. गणेश देवी यांनी याच शहरात १९९६ मध्ये आदिवासींच्या भाषांसाठी 'भाषा' संशोधन केंद्र स्थापन केले. ज्या शहरात देशी भाषांसाठी इतके घडले, तेथील परिसंवादात न्गुगी यांच्या भाषाविचारावर एक वाक्यही नसावे, ही उणीव मला फार मोठी वाटली. श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी वेळ उरला नाही.

समारोपाला भरूच जिल्ह्यातून आलेल्या सिद्दी कलावंतांचे धमाल नृत्य झाले. रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याशी जोडलेली ही परंपरा, तिचा मुगरमान हा उभा ढोल आणि मलुंगा हे धनुष्याच्या आकाराचे एकतारी वाद्य, हे सारे मी आधीही पाहिले होते आणि दरवेळी तितक्याच ओढीने पाहते. परंतु कार्यक्रमपत्रिकेत त्याला 'आफ्रिकेचे लोकनृत्य' म्हटले होते, ते योग्य नव्हते. या कलावंतांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, परंतु त्यांची कला कित्येक पिढ्या गुजरातच्या मातीत वाढली आहे. ते गुजराती बोलतात आणि ते आपले शेजारी आहेत. त्यांची ओळख तशीच करून दिली असती, आणि त्यांच्यापैकी एखाद्याला आदल्या दिवशी त्या स्वाहिली शब्दांच्या गप्पांत बसवले असते, तर समारोप सबंध उत्सवाशी जोडला गेला असता.

ग्रंथदालनात सुमारे ऐंशी पुस्तके होती. जवळजवळ सर्व इंग्लंड-अमेरिकेतील प्रकाशकांची, किंमत पाचशे ते नऊशे रुपये, मराठी अनुवाद एकही नाही. दार-ए-सलाम, नैरोबी किंवा अबुजा येथील प्रकाशकांचे एकही पुस्तक मांडलेले नव्हते. ज्या 'पेपोनी'वर सायंकाळ उभी राहिली तिची सभागृहातील एकमेव प्रत त्या विद्यार्थ्याची स्वतःची होती. वाचक मंडळींनी केलेला मराठी तर्जुमा, पाने थोडी असली तरी, झेरॉक्स करून वीस-पंचवीस रुपयांना ठेवला असता तर तो पहिल्या तासात संपला असता. मला स्वतःला तीन प्रती हव्या होत्या. ध्वनिव्यवस्था दोन्ही दिवस चांगली होती. सत्रे सरासरी वीस मिनिटे उशिरा सुरू झाली. शेव-उसळ गरम आणि झणझणीत होती, आणि तिखटाची सवय नसलेल्यांसाठी वेगळे भांडे ठेवण्याची काळजी घेतलेली होती.

दोनशे रुपयांत आणि दोन दिवसांत शनिवारची सायंकाळ आणि रविवारचे न्गुगी सत्र मिळत असेल, तर मी पुढच्या वेळीही प्रवेशिका घेईन आणि इतरांनाही घ्यायला सांगेन. आयोजकांनी सत्रांची संख्या चारवर आणावी, परिसंवाद गाळून तो वेळ वाचनाला द्यावा आणि प्रत्येक मूळ भाषेतील पठणाबरोबर मराठी व गुजराती अर्थाचे पान हाती द्यावे, एवढी माझी विनंती आहे. शनिवारी सभागृहातून निघताना त्या आजींनी टांझानियाच्या विद्यार्थ्याला दांडिया बाजारातील आपल्या घरी बोलावले आणि 'त्या युसुफचं पुढं काय झालं ते ऐकल्याशिवाय मला झोप यायची नाही' असे सांगितले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्या बैठकीत पाच-सहा पाने स्वाहिलीत आणि मराठीत वाचली जातात. आतापर्यंत तीन रविवार झाले असून तांडा अजून निघायचा आहे. बैठकीत पंधरा माणसे मावतात, आणि गेल्या रविवारी आम्ही अकरा होतो.